पहिल्या गाण्यानंतरचा दुसरा दिवस

शिरूर कासार : बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या वाट्याला रेल्वे यायला २०२५ साल उजाडावे लागले. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळून तीन दशके लोटल्यावर, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी बीडपर्यंत गाडी धावली आणि तालुक्यातल्या रायमोहा गावाला स्थानक लाभले. स्वस्त इंटरनेट मात्र त्याच्या नऊ वर्षे आधी, सप्टेंबर २०१६पासून देशाच्या खेड्यापाड्यांत पसरू लागले होते. त्यामुळे ऑगस्ट २०२०मध्ये ‘रसोडे में कौन था’ या विनोदी गाण्याने देशाला वेड लावले, तेव्हा ते दक्षिण मुंबईत आणि सिंदफणेच्या काठावर एकाच दिवशी ऐकता येत होते. विशेष म्हणजे ते गाणे मुंबईत तयारच झाले नव्हते. ते मराठवाड्यातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून आले होते.

ते तयार करणारा यशराज मुखाटे हा अभियांत्रिकीचा पदवीधर तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या मागे ना चित्रपटसृष्टीतले घराणे होते, ना एखादी ध्वनिमुद्रिका कंपनी. संगणक, कळफलक, ध्वनी जुळवण्याची आज्ञावली आणि अनेक वर्षांचा छंद एवढ्याच भांडवलावर त्याने ते गाणे रचले. समाजमाध्यमांवरून प्रसिद्ध झालेला संगीत-विनोदकार हा कलावंतांचा नवा वर्ग आता रूढ झाला आहे आणि मराठी मुलखातला त्याचा सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणजे मुखाटे. त्याच्या कारकिर्दीकडे केवळ नशिबाचा खेळ म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ही कारकीर्द नीट तपासली तर कला, बाजार आणि श्रेय यांच्या नव्या नात्याविषयी बरेच काही हाती लागते. त्यातला काही भाग शिरूर कासारसारख्या तालुक्यांच्या थेट हिताशी निगडित आहे.

नेमक्या वेळी उघडलेले दार

‘साथ निभाना साथिया’ ही ‘स्टार प्लस’ वाहिनीवरील मालिका २०१० ते २०१७ या काळात चालली. तिच्यातल्या एका प्रसंगात कोकिलाबेन ही करारी सासू स्वयंपाकघरात झालेल्या गोंधळाची चौकशी करते. कुकरमधले चणे कोणीतरी काढून घेतले आणि रिकामा कुकर शेगडीवर चढवला, एवढाच तो अपराध. परंतु रूपल पटेल या अभिनेत्रीने तो एखाद्या खुनाच्या तपासाच्या आविर्भावात उभा केला होता. क्षुल्लक गोष्ट आणि अवाढव्य सूर यांच्यातली ही विसंगती मालिकेच्या प्रेक्षकाला खटकत नव्हती, कारण दैनंदिन मालिकांची भाषाच तशी. मुखाटेने त्या संवादाखाली ताल आणि सुरावट घातली आणि लपलेली विसंगती उघडी पडली.

मात्र गुणवत्तेला काळाचीही साथ होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ‘टिकटॉक’वर बंदी घातली. या चिनी उपयोजनाचे भारतात सुमारे वीस कोटी वापरकर्ते असल्याचे तेव्हा सांगितले जात होते. ८ जुलै रोजी ‘इन्स्टाग्राम’ने आपली ‘रील्स’ ही सुविधा भारतात आणली. छोट्या चित्रफिती करण्याची सवय जडलेला प्रचंड समाज नव्या घरी आला होता आणि त्याला ओठ हलवण्यासाठी, नाचण्यासाठी नवे ध्वनी हवे होते. टाळेबंदीमुळे माणसे घरात होती. नाट्यगृहे बंद होती, जत्रा रद्द झाल्या होत्या, तमाशाच्या फडांवर उपासमारीची पाळी आली होती. रंगमंचाचे दार बंद असताना घराच्या खोलीतले दार उघडले आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या मालिकेचा दुसरा हंगामही सुरू झाला. वाहिनीच्या मालिकेतून विनोद जन्मतो आणि त्या विनोदाची हवा तापलेली असतानाच मालिका परत येते, हा उलटा प्रवाह दूरचित्रवाणीने यापूर्वी क्वचितच पाहिला असेल.

पद्धत जुनी, साधन नवे

मुखाटेच्या तंत्राचे वर्णन करायचे तर ते ‘बोलण्यातले गाणे शोधणे’ असे करता येईल. प्रत्येक माणूस बोलताना आवाज चढवतो, उतरवतो, काही शब्दांवर जोर देतो, मध्येच थांबतो. या चढउतारांना जवळचा स्वर आणि थांबण्याला मात्रा लावून दिली, की वाक्य गाऊ लागते. आज्ञावलीच्या साहाय्याने आवाजाची पट्टी हवी तशी ओढता येते, तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. परंतु कोणता तुकडा पुन्हा वाजवायचा, म्हणजे मुखडा कोणता आणि अंतरा कोणता, हे आज्ञावली सांगत नाही. ‘रसोडे’तला प्रश्न हाच मुखडा होऊ शकतो, हे ओळखणारा कान संगीतकाराचाच असावा लागतो. त्या गाण्याची नक्कल करणारे शेकडो प्रयत्न पुढे झाले आणि त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले, याचे कारण या कानातच आहे.

हा कान मराठवाड्याला नवा नाही. शिरूर कासारपासून फार दूर नसलेल्या पैठणला सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी असे रस्त्यावरचे लोक, त्यांच्या आरोळ्या आणि त्यांची बोलण्याची लकब नाथांनी जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात परमार्थ भरला. हसवता हसवता अंतर्मुख करणारा तो संगीत-विनोदच होता. बीड जिल्ह्याच्या गावोगावी होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहांत आजही भारूड उभे राहते, तेव्हा श्रोत्यांना प्रथम हसू येते आणि अर्थ नंतर कळतो.

याच परंपरेचा आधुनिक अवतार औरंगाबादने पाहिला तो प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या रूपाने. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन करणाऱ्या देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. मराठवाडी बोलीला त्यांनी नागर रंगमंचावर मानाने बसवले आणि त्यांच्या या विक्रमाची नोंद गिनीज बुकाने घेतली. २००९मध्ये त्यांच्या निधनानंतर तो प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला तो संदीप पाठक या अभिनेत्याने, आणि तो बीड जिल्ह्यातल्याच माजलगावचा.

देशपांडे आणि मुखाटे हे दोघे एकाच शहराचे. दोघांचेही भांडवल म्हणजे इतरांचे आवाज. मात्र देशपांडे यांनी बावन्न माणसे स्वतःच्या गळ्यात उतरवली होती. मुखाटे माणसाला त्याच्याच गळ्याने गायला लावतो. देशपांडे यांना प्रत्येक प्रेक्षकापर्यंत एस.टी.ने, रेल्वेने, विमानाने जावे लागले आणि नाव होण्यास वर्षे लागली. मुखाटेचे गाणे काही दिवसांत कोट्यवधी कानांपर्यंत गेले. या फरकातून नव्या माध्यमाचे बळही कळते आणि त्याची अडचणही.

प्रसिद्धीनंतरचा प्रश्न

रंगमंचावरचा कलावंत एकच प्रयोग हजार वेळा करू शकतो, कारण प्रत्येक गावी प्रेक्षक नवा असतो. इंटरनेटवर सारा देश एकाच प्रेक्षागृहात बसलेला असतो आणि तोच विनोद दुसऱ्या आठवड्यात सांगितला तर तो जांभई देतो. त्यामुळे रातोरात प्रसिद्ध झालेल्यांपुढचा खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो. बहुतेकांची कारकीर्द तिथेच संपते.

मुखाटेची संपली नाही. जानेवारी २०२१मध्ये ‘बिग बॉस’च्या तेराव्या पर्वातल्या शहनाज गिल हिच्या रडगाण्यावर त्याने ‘तुआडा कुत्ता टॉमी’ रचले. फेब्रुवारीत पाकिस्तानातल्या दनानीर मुबीन या तरुणीच्या काही सेकंदांच्या चित्रफितीवरून ‘पावरी हो रही है’ आले आणि ताणलेल्या संबंधांच्या काळातही सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले एकाच गाण्यावर नाचली. २०२३च्या अखेरीस दिल्लीतल्या कपडेविक्रेत्या जस्मीन कौर यांच्या उत्साही विक्रीच्या बोलांनाही त्याने चाल दिली. त्याबरोबर स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल असलेली गाणीही तो करीत राहिला. विनोदावर मिळालेली ओळख संगीतकार म्हणून टिकवण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो सोपा नाही. ज्याच्याकडून लोकांनी एकदा हसू घेतले, त्याच्याकडून ते गंभीर चाल घ्यायला सहजी तयार नसतात. दादा कोंडके असोत वा लक्ष्मीकांत बेर्डे, मराठी विनोदवीरांना हा अनुभव नवा नव्हता.

याच वाटेवरचा अमेरिकी प्रवासी बो बर्नहॅम. २००६मध्ये सोळाव्या वर्षी त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या घरातल्या खोलीत विनोदी गाणी चित्रित करून यूट्यूबवर टाकली. पुढे तो रंगमंचावर गाजला, मात्र प्रयोगाच्या वेळी भीतीचे झटके येऊ लागल्याने त्याने काही वर्षे प्रयोग थांबवले. २०१८मध्ये त्याने ‘एट्थ ग्रेड’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि मे २०२१मध्ये महासाथीच्या काळात एका खोलीत एकट्याने तयार केलेला ‘इनसाइड’ हा कार्यक्रम ‘नेटफ्लिक्स’वर आला. त्याला तीन एमी पुरस्कार मिळाले. खोलीतून निघालेला कलावंत पंधरा वर्षांनी पुन्हा खोलीतच आला, पण या वेळी विनोदाचा विषय बदलला होता. सतत पाहिले जाण्याची चटक माणसाचे काय करते, हाच त्याचा विषय झाला. इंटरनेटने घडवलेल्या विनोदकाराची कारकीर्द टिकायची तर त्याला कधी ना कधी त्या माध्यमापलीकडे जाऊन बोलावे लागते, असा या उदाहरणाचा बोध आहे.

कमाई कोणाची, श्रेय कोणाचे?

कारकिर्दीचा दुसरा आधार म्हणजे पैसा. त्याचे गणित बाहेरून वाटते तितके सरळ नाही. नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देते. परंतु चित्रफितीत दुसऱ्याच्या मालकीची दृश्ये वा ध्वनी असतील आणि मूळ मालकाने दावा केला, तर ते उत्पन्न त्याच्याकडे वळू शकते. म्हणजे मालिकेच्या तुकड्यावर गाणे रचणाऱ्याची मेहनत पूर्णतः वाहिनीच्या मर्जीवर उभी असते. म्हणून अशा कलावंतांची मोठी भिस्त जाहिरातदारांशी होणाऱ्या करारांवर असते. जाहिरात असेल तर तसे स्पष्ट सांगावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये केला, तो या व्यवसायाचा वाढता आकार पाहूनच.

भारतीय कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापर, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करण्याची मुभा आहे. विडंबनाचा तेथे वेगळा उल्लेख नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून विडंबनाचे लाड करणाऱ्या महाराष्ट्राला हे चमत्कारिक वाटेल, परंतु विडंबनकाराचे संरक्षण आजही समीक्षेच्या आडोशानेच होते.

मालिकेची वाहिनी किंवा प्रसिद्ध अभिनेत्री आपले हित सांभाळण्यास समर्थ असते. रूपल पटेल यांनी तर मुखाटेच्या गाण्याचे कौतुकच केले. खरा प्रश्न येतो तो आवाज सामान्य माणसाचा असेल तेव्हा. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले शेंगदाणे विक्रेते भुबन बाद्यकर हे त्याचे बोलके उदाहरण. मोडके दागिने, जुन्या वस्तू यांच्या बदल्यात शेंगदाणे देताना ते जी आरोळी गात, ती ‘कच्चा बादाम’ या नावाने २०२१-२२मध्ये जगभर गेली. त्यावर इतरांनी नाचाच्या असंख्य चित्रफिती केल्या. बाद्यकर यांना काही रक्कम मिळाली. परंतु आपलेच गाणे आपण गायले की त्यावर कॉपीराइटचा दावा येतो, अशी त्यांची तक्रार २०२३मध्ये वृत्तपत्रांतून आली. आरोळी त्यांची, पोट त्यांचे आणि कागद मात्र दुसऱ्याचा, अशी ही गत.

याहून बरा पायंडा एका अमेरिकी गटाने २०१०मध्येच घालून दिला होता. बोलण्याला चाल लावण्याचा हा प्रकार यूट्यूबवर लोकप्रिय करणाऱ्या ग्रेगरी बंधूंनी अलाबामातल्या अँटवान डॉडसन या तरुणाच्या वाहिनीवरील मुलाखतीचे ‘बेड इन्ट्रूडर साँग’ केले. घरात घुसलेल्या हल्लेखोराने बहिणीवर अत्याचाराचा प्रयत्न केल्याचा संताप तो मुलाखतीत व्यक्त करीत होता. एका गरीब वस्तीतल्या कुटुंबाच्या संकटावर देश हसतो आहे, अशी टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र या गटाने डॉडसनला सहलेखकाचा मान दिला आणि विक्रीचे उत्पन्न निम्मे वाटून घेतले. टीकेचे त्यामुळे निरसन झाले नाही, पण ज्याचा आवाज त्याचा वाटा हे तत्त्व प्रस्थापित झाले.

शिरूर कासारचा हिशेब

हे सारे शिरूर कासारपासून दूरचे वाटू शकेल. वस्तुस्थिती उलट आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या कोपीत वीज नसेल, पण मोबाइल असतो. त्या मोबाइलवर ती गाणी ऐकतात, तशी आपली गाणीही टाकतात. जात्यावरची ओवी, भारूड, गोंधळ, बाजारातल्या आरोळ्या आणि तिरकस मराठवाडी बोली हे या भागाचे न संपणारे धन आहे. खानदेशात अहिराणी गाण्यांनी यूट्यूबच्या आधारे आपली स्वतंत्र बाजारपेठ उभी केलीच आहे. मराठवाड्याला तसे करण्यात तत्त्वतः कोणतीही आडकाठी नाही.

पण तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर आहे. मुखाटेकडे शिक्षण होते, संगणक होता, शहर होते आणि छंदासाठी काढता येणारा वेळ होता. मुख्य म्हणजे तो आवाजाला चाल लावणारा होता. कोयता हाती असलेल्या माणसाच्या वाट्याला या व्यवहारात बहुधा दुसरी बाजू येते. त्याचा आवाज उचलला जातो, चाल दुसराच लावतो. त्याची बोली विनोदाचा विषय होते आणि हसणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. माध्यमाने अंतर पुसले हे खरे, परंतु कोण गाणार आणि कोणावर हसणार, याची वाटणी त्याने जुन्याच पद्धतीने केली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. ज्या कामासाठी मुखाटेसारख्याला संगीताचे ज्ञान आणि तासन्‌तास मेहनत लागत होती, ते काम आता यंत्र काही क्षणांत कच्च्या स्वरूपात करून देते. कोणाचाही आवाज घेऊन त्याला न गायलेले गाणे गायला लावता येते. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये मनाई केली. माणसाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, हे त्यामुळे न्यायालयीन पातळीवर ठसले. परंतु न्यायालयात जाण्याची ऐपत अरिजित सिंग यांची असते. रायमोह्याच्या आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या आरोळीचे रक्षण कोणी करायचे, याचे उत्तर त्या आदेशात मिळत नाही.

ते उत्तर अवघड नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देणारी योजना राज्य शासन राबवते. तिच्या जोडीला लोककलावंतांना आपल्या हक्कांची माहिती देणारी आणि करारनामा वाचून दाखवणारी यंत्रणा जिल्हा पातळीवर उभारण्यास फार मोठा खर्च येणार नाही. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य केलेले आहेत. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचे हक्कही बळकट झाले. परंतु कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी ते हक्क कोणी समजावून सांगितले नाहीत, तर कायदा असून नसल्यासारखा. तालुक्याच्या महाविद्यालयांतून ध्वनिमुद्रण आणि संकलनाचे साधे अभ्यासक्रम सुरू झाले, तर उद्याचा चाल लावणारा इथूनही निघू शकेल. आणि चाल लावणाऱ्यांनी, ते कितीही लोकप्रिय असोत, मूळ आवाजाचे नाव आणि त्याचा वाटा देण्याची प्रथा स्वतःहून पाळली, तर कायद्याची वाट पाहण्याची गरजच उरणार नाही.

एकनाथांच्या भारुडातला वासुदेव आणि गारुडी आज कोणाला नावाने ठाऊक नाहीत. त्यांची आरोळी तेवढी साडेचारशे वर्षे टिकली. त्या काळी नाव नोंदवण्याची सोय नव्हती आणि आरोळीतून कोणाला पैसाही मिळत नव्हता. आता दोन्ही आहे. बीडची गाडी रायमोह्याच्या स्थानकावर थांबते, तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक ध्वनिमुद्रक असतो. त्यात साठवलेला आवाज कोणाचा, हे विचारण्याची सवय लागली, तर एका रिकाम्या कुकरवरून सुरू झालेल्या या विनोदाने मराठवाड्याला हसण्यापलीकडचे काही दिले असे म्हणता येईल.